परीटघडी आणि जोतिबाचा गुलाल

‘परीटघडीचे कपडे’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की, त्यातील परीट कोण, याचा विचार क्वचितच कोणी करतो. शुभ्र, कडक, नेटक्या घडीचा सदरा अंगात असला म्हणजे मनुष्य चारचौघांत सभ्य ठरतो. परंतु ती शुभ्रता ज्यांच्या हातांनी निर्माण केली, त्यांना गावात तो मान सहसा मिळाला नाही. भाषेने ऋण मान्य केले, व्यवहाराने केले नाही. आपल्या समाजाच्या या स्मरणिकेत त्या विद्येचा अल्पसा इतिहास नोंदला जावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे. त्यासाठी जोतिबाचा डोंगर निवडला, कारण पांढऱ्या सदऱ्याची खरी परीक्षा तेथे दर वर्षी होते.

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरांवर, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरी येथे श्रीजोतिबाचे स्थान आहे. तेथील मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधले, व केदारेश्वराचे मंदिर दौलतराव शिंदे यांनी १८०८ साली बांधविले. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो, आणि गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीने मंदिर, वाट व माणसे एकाच गुलाबी रंगात न्हाऊन निघतात. पांढरा सदरा घालून गेलेला भाविक गुलाबी होऊन घरी परततो. तो गुलाल मळ नव्हे, प्रसाद होय. तथापि तोच सदरा पुढे शाळेत वा कचेरीत घालावयाचा असतो, आणि येथूनच धुणाऱ्याचे काम सुरू होते.

पूर्वी हे काम बारा बलुतेदारांपैकी परिटाकडे असे. त्याचा मोबदला बहुधा सुगीच्या धान्यात मिळे. रिठा, पापडखार व खारी माती हे त्याचे साहित्य. कपडे खारात भिजवून भट्टीच्या वाफेवर चढवावयाचे, वाफेने मळ सैल झाला की दगडावर आपटावयाचे, आणि वाहत्या पाण्यात खळखळावयाचे, असा क्रम असे. कोणाचा कपडा कोणाचा हे ओळखण्यासाठी बिब्ब्याच्या रसाने खूण करीत. ती कितीही धुतली तरी जात नसे. डाग काढणे हा ज्याचा धंदा, त्यालाच कधी न जाणारा डागही घालता येई. एवढे वस्तुज्ञान ज्या हातांत होते, त्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होय.

पुढे पोशाख बदलला. बाराबंदी व अंगरखा मागे पडून कॉलर-कफांचा सदरा आला. कोल्हापुरात १८८० साली राजाराम कॉलेज स्थापन झाले व १८९१ साली रेल्वे आली. विद्यार्थी व कारकून हा नवा वर्ग वाढला, आणि बाहेरचा माल येणे सुलभ झाले. साबणाची वडी घरोघरी पोहोचली, तसे धुणे हळूहळू घरात आले व त्याचा भार बहुतांशी गृहिणीवर पडला. पिवळटपणा झाकण्यासाठी नीळ आणि ताठपणासाठी तांदळाच्या पेजेची खळ ही युक्ती तिने आत्मसात केली. इस्त्री नसलेल्या घरी निखारे घातलेला तांब्या कपड्यावर फिरवीत. १९५९ साली भारतात ‘सर्फ’ आले, १९६९ साली ‘निरमा’चा उद्योग सुरू झाला, टेरिकॉटने खळीची गरज कमी केली, आणि आता यंत्रेही आली आहेत. रंकाळ्याच्या परिसरातील ‘धुण्याची चावी’ हे नाव मात्र जुन्या काळाची साक्ष अजूनही देते.

साधने बदलली, तरी कारणे बदललेली नाहीत. आजचा बाजारी गुलाल पुष्कळदा पिठूळ भुकटीवर कृत्रिम रंग चढवून केलेला असतो. म्हणून सदरा पाण्यात घालण्यापूर्वी कोरडाच झटकावा, कारण पाणी लागताच रंग विरघळून पसरतो. नंतर तो थंड पाण्यात, इतर कपड्यांपासून निराळा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळखळावा. गरम पाणी प्रथम वापरू नये, कारण पिठूळ भाग शिजून त्याची खळच होते, आणि कॉलर ताठ करणारी तीच खळ रंगाला धरून ठेवते. गुलालात वापरल्या जाणाऱ्या कित्येक गुलाबी रंगांची सुती धाग्याशी फारशी मैत्री नसते, रेशमाशी व लोकरीशी मात्र घट्ट असते. त्यामुळे सुती सदरा निभावतो आणि रेशमी फेटा कायमचा रंगतो. त्यानंतर साबण लावून कडक उन्हात वाळवावे, कारण यांपैकी बरेच रंग उन्हाने फिके पडतात. रंग पुरता गेल्याखेरीज इस्त्री करू नये.

जेजुरीच्या भंडाऱ्याची तऱ्हा निराळी. हळदीला साबण लागताच डाग लाल होतो आणि नवखा माणूस घाबरतो. तो खारामुळे झालेला पालट होय. पुरेसे खळखळून उन्हात टाकले असता तोही ओसरतो. कॉलरीचा काळा पट्टा हा अंगच्या तेलाचा असतो. तेथे भिजविण्यापूर्वीच साबण चोळून हलक्या हाताने घासावे. जोराने घासल्यास घडीवरचा धागा विरतो. इस्त्री किंचित ओलसर कापडावर, कॉलरीच्या टोकांकडून मध्याकडे फिरवावी, म्हणजे टोकांशी चुण्या साठत नाहीत.

श्रीगाडगे महाराज (१८७६–१९५६) परीट कुळात जन्मले. ज्या समाजाने इतरांचे कपडे शुभ्र केले, त्या समाजाचा हा सत्पुरुष स्वतः चिंध्या पांघरून, हाती खराटा घेऊन गावोगाव फिरला. शुभ्रता ही मिरविण्याची वस्तू नसून करण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी आचरणाने दाखविले. आज आपली मुले शिकून निरनिराळ्या व्यवसायांत गेली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. धंदा सुटला तरी चालेल, परंतु त्यातील ज्ञान व त्या ज्ञानाविषयीचा आदर सुटू नये. म्हणून सदरा धुण्याचे काम घरातील एकट्या माऊलीवर न टाकता मुलाने व मुलीने दोघांनीही शिकावे. साबणाचे पाणी नदी-तळ्यात सोडू नये, हेही त्याच शिक्षणात यावे. यंदा जोतिबाहून परतल्यावर ज्याचा सदरा त्याने स्वतः झटकावा व स्वतः धुवावा. ‘परीटघडी’ या शब्दाचा मान राखण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

इत्यलम्.