मुदपाकखाना आणि धन्वंतरी महाल

तंजावरच्या राजवाड्यात पाऊल टाकणारा मराठी प्रवासी बहुधा प्रथम सरस्वती महालाची वाट विचारतो. तेथील ताडपत्रे, रंगीत चित्रे आणि मोडी कागदांचे रुमाल पाहून तो भारावतो. सरफोजीराजांच्या संगमरवरी पुतळ्यापुढे क्षणभर थांबतो आणि बाहेर पडतो. या वाड्यात एके काळी मोठा मुदपाकखाना नांदत होता आणि त्या मुदपाकखान्याचे औषधशाळेशी सख्खे नाते होते, ही गोष्ट त्याच्या ध्यानी सहसा येत नाही. यात त्याचा दोष नाही. राजवंशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही तह, लढाया आणि दत्तकविधाने यांना जितकी जागा दिली, तितकी ताटातल्या भाताला दिलेली नाही. वस्तुतः अन्न हेच पहिले औषध होय, हा विचार या घराण्याच्या आश्रयाने पहिल्या पिढीपासून लिहिला गेला. आणि घराण्याच्या हातून राज्य निसटले तेव्हा त्याच विचाराला सर्वांत मोठे कार्यक्षेत्र लाभले.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यांच्या मागोमाग सरदार, कारकून, शास्त्री, कीर्तनकार आणि आचारी या सर्वांची कुटुंबे कावेरीच्या काठी आली. ही मंडळी ज्या पठारावरून आली तेथली हवा कोरडी, जमीन खडकाळ आणि मुख्य धान्य ज्वारी-बाजरी. नव्या मुलखात पाहावे तिकडे पाटाचे पाणी, भाताची खाचरे आणि नारळीची झाडे. उन्हाळा दीर्घ आणि दमट. भाकरीवर पोसलेल्या शरीराला तीन वेळच्या भाताची सवय करणे हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हता. तो प्रकृतीचा प्रश्न होता. आमसुलाच्या जागी चिंच आली ती याच स्थलांतरात. सांबाराचा जन्म तंजावरच्या मुदपाकखान्यात झाला आणि संभाजीराजांच्या नावावरून त्याला ते नाव पडले, अशी एक गोड कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन कागदाचा आधार कोणी दाखविलेला नाही. तेव्हा ती कथा म्हणूनच चाखावी. मात्र दोन पाकपद्धतींचा संसार या गावात जुळला, एवढे तीमधील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पच्चडी तंजावरी मराठी घरांत आजही होते, आणि नाशिक-खानदेशाकडच्या माणसाला तिच्यातील 'डांगर' ओळखायला वेळ लागत नाही.

या स्थलांतराच्या पहिल्याच पिढीत एका मराठी पंडिताने आहारावर एक मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे नाव 'भोजनकुतूहल', आणि कर्ता रघुनाथ गणेश नवहस्त. समर्थ रामदासांशी या पंडिताचा स्नेह होता आणि एकोजींची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. दीपाबाई ही बाई सामान्य नव्हती. १६७७ साली शिवाजी महाराज आणि एकोजी या सावत्र भावांमधील कलह विकोपाला गेला, तेव्हा तो मिटविण्यात तिचा वाटा मोठा होता. महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख तिच्या चोळीबांगडीसाठी लावून दिला, हे प्रसिद्धच आहे. अशा चतुर राणीच्या पदरी असलेल्या विद्वानाने स्वयंपाकघराचे शास्त्र लिहावे, यात काही औचित्य आहे. संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाचा काळ १६७५ ते १७०० यांच्या दरम्यान ठरविला, आणि १९५६ साली त्रिवेंद्रमहून त्याचा पहिला भाग छापून प्रसिद्ध झाला.

'भोजनकुतूहल' हे पदार्थांच्या कृतींचे पुस्तक नव्हे. जिलबीसारख्या पदार्थाची माहिती त्यात सापडते खरी, पण ग्रंथकाराचे मुख्य लक्ष गुणदोषांकडे आहे. कोणते धान्य पचायला जड, कोणते हलके. दूध कोणाला मानवते, दही कोणी व केव्हा टाळावे. ताकाचे गुण कोणते. भाजून, शिजवून, तळून एकाच धान्याचा स्वभाव कसा पालटतो. कोणत्या दोन वस्तू एकत्र खाल्ल्या असता बाधतात, असे हे विवेचन आहे. जुन्या वैद्यकग्रंथांतील वचने तो गोळा करतो आणि संस्कृत नावांच्या जोडीला लोकांच्या तोंडची नावेही देतो. हा बारकावा महत्त्वाचा आहे. शास्त्रातील 'शाली' म्हणजे बाजारातला कोणता तांदूळ, हे कळल्यावाचून ते शास्त्र सैपाकिणीच्या काय उपयोगाचे? रघुनाथ पंडिताने कोशातील अन्न आणि चुलीवरील अन्न यांची गाठ घालून दिली.

आयुर्वेदाची मूळ शिकवण येथे ध्यानात घेतली पाहिजे. रोग झाल्यावर औषध द्यावे, हा तिचा उत्तरार्ध. दिनचर्या आणि ऋतुचर्या हा पूर्वार्ध. पहाटे उठणे, दातवण, अंगाला तेल लावणे, शक्तीच्या निम्म्याइतकाच व्यायाम करणे, मागचे अन्न जिरल्यावाचून पुढचे न घेणे, पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने व एक पाण्याने भरणे आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवणे, हे नियम वाग्भटाच्या काळापासून विद्यार्थी पाठ करीत आले. तांदळांत तांबडी साळ श्रेष्ठ. नवे धान्य जड, वर्षभर मुरलेले हलके. कावेरीच्या खोऱ्यात, जेथे भात हेच सर्वस्व, तेथे हा भेद पुस्तकात राहण्यासारखा नव्हताच.

पुढील राजांनी ही परंपरा चालू ठेवली. पहिल्या तुकोजींच्या, म्हणजे १७२८ ते १७३६ या काळात राज्य केलेल्या राजाच्या, नावावर वैद्यकाचे ग्रंथ आहेत. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे तंजावर दरबारात वैद्यकावर चक्क नाटक लिहिले गेले. आनंदरायमखी या मंत्र्याच्या नावावर असलेल्या 'जीवानंदन' या सात अंकी संस्कृत नाटकात शरीर हे नगर आहे, जीव हा त्याचा राजा आहे, आणि राजयक्ष्मा, म्हणजे क्षय, आपले रोगांचे सैन्य घेऊन त्या नगराला वेढा घालतो. राजाच्या बाजूला विज्ञानशर्मा नावाचा मंत्री, तर शत्रूचा सल्लागार पांडुरोग. एका मंत्र्याने वेढा, भेद आणि रसद यांच्या भाषेत आरोग्य समजावून सांगावे, यात थोडा विनोद आहे आणि बरेच शहाणपण आहे. किल्ला पडतो तो बहुधा आतून, ही गोष्ट त्या काळच्या मुत्सद्द्यांना वेगळी सांगावी लागत नव्हती.

तंजावरच्या राज्याचा किल्लाही अखेर पडला, पण तोफांनी नव्हे. तुळजाजींनी १७८७ साली दत्तक घेतलेले दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्याशी तह करून सारा मुलूख आपल्या अमलाखाली घेतला. राजाकडे किल्ला व त्याभोवतीचा थोडा भाग राहिला. खर्चासाठी एक लाख होन आणि वसुलातला पाचवा हिस्सा ठरला. सरफोजी तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. श्वार्ट्‌झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकले होते आणि विद्येची गोडी उपजत होती. ज्याच्याकडे सैन्य नाही, महसूल नाही, न्यायाचा अधिकार नाही, अशा राजाने राजा म्हणून करावे तरी काय?

या प्रश्नाला सरफोजींनी दिलेल्या उत्तरांपैकी सरस्वती महाल सर्वांना ठाऊक आहे. दुसरे उत्तर म्हणजे धन्वंतरी महाल. येथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींचे जाणकार एकत्र आणले गेले. औषधी तयार होत, रोग्यांवर त्यांचा अनुभव पाहिला जाई, आणि ज्या योगांचा गुण प्रत्ययाला आला त्यांची नोंद होई. राजांना नेत्रवैद्यकात विशेष रस होता. डोळ्यांच्या रोग्यांचे वृत्तान्त चित्रांसह लिहून ठेवलेले आढळले आहेत. अनुभवास उतरलेले उपचार दरबारच्या कवींकडून तमिळ पद्यात गुंफवून घेण्यात आले, आणि विसाव्या शतकात सरस्वती महालाने ते 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या मालेत रोगवार छापले. शरभेंद्र हे सरफोजींच्याच नावाचे संस्कृत रूप. राजा मराठी, शास्त्र संस्कृत, प्रयोगशाळेत चार परंपरा आणि निष्कर्ष मात्र प्रजेच्या तमिळ भाषेत: हा निर्णय वाटतो त्याहून दूरदृष्टीचा होता. वैद्य शिकेल तो पद्यावरून, आणि पद्य त्याला पाठ होईल ते स्वतःच्या भाषेत.

याच नावाचे दुसरे पुस्तक मराठीत आहे, 'शरभेंद्र पाकशास्त्र'. त्यात मुदपाकखान्यातील कृती आहेत, शाकाहारी तशाच सामिष. औषधांची वही तमिळमध्ये आणि स्वयंपाकाची मराठीत, ही वाटणी मोठी बोलकी आहे. माणूस राज्य हरवतो, बाजारात परकी भाषा स्वीकारतो, पण फोडणीची भाषा शेवटपर्यंत बदलत नाही.

परंतु सरफोजींचे खरे काम पाहायचे तर वाड्याबाहेर, रामेश्वरच्या वाटेवर गेले पाहिजे. काशीहून रामेश्वरला जाणारा यात्रेकरू या मुलखातून जाई, आणि त्याच्यासाठी तंजावरच्या राजांनी वाटेवर छत्रे बांधली होती. बहुतेक छत्रांना राजस्त्रियांची नावे. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजींनी मुक्तांबेच्या नावे उभारलेले छत्र प्रसिद्ध आहे. तहाने मुलूख गेला तेव्हा या छत्रांचे उत्पन्नही जाणार, अशी धास्ती निर्माण झाली. १८०१ च्या आरंभी राजांनी कंपनीच्या रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. छत्रे आपल्याच हाती राहू द्यावीत, एवढाच त्याचा आशय. पण तो पटवून देण्यासाठी तेथील व्यवस्थेचे जे वर्णन राजांनी केले, ते लोकारोग्याच्या इतिहासात नोंदण्याजोगे आहे.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी या सर्वांना तेथे शिजलेला भात मिळे. शिजलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई की, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने येऊन जेवावे. प्रत्येक छत्रात वेद शिकविणारे, एक पंतोजी आणि रोग, सूज व सर्पविष यांवर इलाज करणारे वैद्य असत. आजारी पडलेल्या यात्रेकरूला औषध मिळे आणि त्याच्या प्रकृतीला योग्य ते पथ्याचे अन्न मिळे. तो बरा होईपर्यंत त्याला आदराने ठेवून घेत. गरिबांना दूध दिले जाई. गरोदर स्त्रियांची विशेष काळजी घेत. छत्रातच बाळंत झाली तर सारा खर्च सरकारचा, आणि बाळंतिणीला तीन महिने राहण्याची मुभा. परक्या मुलखातून आलेल्या पोरक्या मुलांना दिवसातून तीन वेळा अन्न आणि दर चार दिवसांनी अभ्यंग.

दर चार दिवसांनी अभ्यंग, हा तपशील वाचताना कोणीही थबकेल. राज्य गेलेला राजा एका परकीय अधिकाऱ्याला पत्र लिहीत आहे, आणि त्यात अनाथ पोरांच्या तेल लावण्याचा हिशेब सांगत आहे. ग्रंथात जी दिनचर्या होती ती येथे वाटसरूच्या आणि पोरक्याच्या वाट्याला आली. पथ्य हा श्रीमंतांचा लाड राहिला नाही. ज्याला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत, त्याच्यासाठीही वैद्याने सांगितलेले वेगळे अन्न शिजू लागले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे सारे दानधर्माचे खाते वाटले असेल. ती एका अर्थाने रुग्णालये होती, ज्यांत मुख्य औषध चुलीवर तयार होई. छत्रे राजांच्या व्यवस्थेखाली राहिली, आणि हा त्या तहानंतरच्या त्यांच्या थोड्या विजयांपैकी एक होय.

या परंपरेतील सारेच स्वीकारावे असे नाही. 'भोजनकुतूहला'च्या परंपरेत प्रकृतीचे नियम आणि सोवळ्याचे नियम एकाच ओघात येतात, आणि कोणता कुठला हे वाचकालाच निवडावे लागते. शिजलेला भात आणि कोरडा शिधा या भेदामागेही पचनाचा विचार नव्हता, जातीचा होता. पण काही जुन्या सवयींमागचे कारण पुढे याच इलाख्यात उघड झाले. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांना देऊन पाहिला. गहू, दूध व भाजीपाला यांवर वाढलेले उंदीर धष्टपुष्ट झाले. मद्रासकडील भातप्रधान आहारावरचे मागे पडले. गिरणीत कांडून शुभ्र केलेल्या तांदळाचा कोंडा जातो आणि त्याबरोबर 'ब' जीवनसत्त्वही जाते. भात आधी उकडून मग कांडला तर ते बरेचसे दाण्यात टिकते. दक्षिणेतील उकड्या तांदळाची चाल पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या हौसेहून शहाणी होती. तांबड्या साळीला अग्रमान देणाऱ्या जुन्या वैद्यांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, पण त्यांची निवड चुकली नव्हती. तंजावरच्या खोऱ्यात गिरण्या आल्या आणि पांढरा भात प्रतिष्ठेचा झाला, तेव्हा ही निवड ग्रंथांतच राहिली.

सरफोजी १८३२ साली निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले राज्यही खालसा केले. धन्वंतरी महालाचा संसार विस्कटला. ग्रंथसंग्रह मात्र वाचला आणि १९१८ पासून सार्वजनिक झाला. मुदपाकखान्याचे, छत्रांचे आणि औषधांचे हिशेब मोडी लिपीत, मराठी भाषेत, रुमालांत बांधलेले राहिले. १९८१ साली तंजावरला स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. त्यामुळे तंजावरच्या मराठी राजाने कोणाला किती तांदूळ आणि किती दूध दिले, हे आज तमिळ वाचकाला घरबसल्या पाहता येते. मोडी न येणाऱ्या मराठी वाचकाला मात्र ते पाहण्यासाठी आधी तमिळ शिकावे लागते.