खारीचा भात, जत्रा आणि कृषी प्रदर्शन

न्हावा शेवा हे नाव आज जगभरातल्या जहाज कंपन्यांच्या कागदांवर छापलेले असते. पण हे एका गावाचे नाव नाही, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. न्हावा हे एक गाव, शेवा हे दुसरे. २६ मे १९८९ रोजी इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि दोन गावांची नावे मिळून एका बंदराचे नाव झाले. न्हाव्याला ओएनजीसीचा तळ आहे. बंदरासाठी उठलेले लोक नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा या वसाहतींत राहायला गेले. आता तर उरणच्या लोकलमार्गावर न्हावा शेवा नावाचे स्टेशनही आहे.

त्याआधी या किनाऱ्यावर तीन गोष्टी निघत: मीठ, मासळी आणि खारजमिनीतला भात. त्या काळातले शेतकरी कुटुंब वर्षातून एकदा सगळे मिळून बाहेर पडत असेल, तर ते जत्रेला. आज आमच्यासारखी कुटुंबे कृषी प्रदर्शनाला जातात. वरवर पाहता दोन्ही सारखेच: गर्दी, धूळ, खाऊची दुकाने, हरवलेली मुले आणि माइकवरून त्यांच्या नावांचा पुकारा. पण जत्रेतला शेतकरी आणि प्रदर्शनातला शेतकरी यांच्यात मोठा फरक पडला आहे. तो कसा पडला, हे सांगण्यासाठी हा लेख.

कोकणात भात कापून झाला की जत्रांचा हंगाम सुरू होतो. खोपोलीजवळ साजगावला कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. तिथे सुक्या मासळीचा एवढा बाजार होतो की त्या देवाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा. तिथला गुरांचा बाजार आणि घोंगड्या प्रसिद्ध. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, बैलजोडी घ्यायला म्हशाला जात. यात्रा खांबलिंगेश्वराची, बैल घेणारा नमाजी मुसलमान, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा. बैलाचे दात बघणे, चार पावले चालवून खूर बघणे, हे सारे दादा स्वतः करत. पसंत पडले नाही तर रिकाम्या हाताने परत येत. जत्रेत शेतकरी घेणारा होता, देणारा होता आणि पारख करणाराही होता.

प्रदर्शनाची कल्पना मात्र वेगळ्या वाटेने आली. इंग्लंडमध्ये १८३८ साली शेतीसुधारणेसाठी मोठी संस्था निघाली आणि १८३९ साली तिने ऑक्सफर्डला पहिले प्रदर्शन भरवले. उत्तम जनावर, उत्तम अवजार आणि त्यांना बक्षीस, अशी ती रीत. तीच पुढे हिंदुस्थानात आली. १८६५ साली नागपूरला मोठे प्रदर्शन भरले. ते मुख्यतः मध्य प्रांतातला माल आणि कारागिरी दाखवण्यासाठी होते.

शेतकऱ्याच्या बाजूने या कल्पनेचा विचार केला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतीच्या दुर्दशेवर उपाय सुचवले. त्यांत दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्याला बक्षीस द्यावे, असाही एक उपाय आहे. इथे बारकाईने पाहायला हवे. जोतीरावांच्या प्रदर्शनात शेतकरी परीक्षेला बसणारा आहे, त्याचे कसब मोजले जाते, त्याचा मान होतो. तो नुसता बघ्या नाही.

१९२६ साली पुण्यात मोठे कृषी प्रदर्शन भरले. त्याच वर्षी लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीसाठी शाही आयोग नेमला गेला. सुधारलेले बियाणे, लोखंडी नांगर, खते यांचा प्रचार हे अशा सरकारी प्रदर्शनांचे काम होते. ते चांगलेच होते, पण दिशा एकच: जाणकार बोलणार, शेतकरी ऐकणार. आज पुण्याजवळ मोशीला ‘किसान’ आणि बारामतीला ‘कृषिक’ भरते. ट्रॅक्टर, ठिबक, ड्रोन, सगळे पाहायला मिळते. जिल्ह्याजिल्ह्यांतही कृषी महोत्सव होतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या अशाच एका प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. मी, बायको, दोन मुले आणि ऐंशीला टेकलेले अब्बा. आमच्याकडे आज एक गुंठाही शेती नाही. मुलांना शेती दाखवावी, एवढाच हेतू.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे फलक वाचताना माझ्यातला मास्तर जागा झाला. मुलीला म्हटले, बघ, खरीप हा अरबी ‘ख़रीफ़’, म्हणजे शरद ऋतू. रब्बी म्हणजे ‘रबी’, वसंत. हंगाम फारसी. जिराईत हा ‘ज़िराअत’वरून, म्हणजे शेती. तगाई ही ‘तक़ावी’, म्हणजे बळ देणे. आणि मशागत? तो ‘मशक़्क़त’, कष्ट. मराठी शेतकऱ्याने जमीन कसण्यालाच कष्ट हे नाव दिले. मग मुलीने एका फलकाकडे बोट दाखवले: ‘खारजमिनीसाठी भाताच्या जाती’. ती म्हणाली, “अब्बू, ख़ार म्हणजे तर काटा ना?” उर्दूत काटा, हे बरोबर. मराठीतला खार मात्र संस्कृत ‘क्षार’वरून आलेला. शब्द कानाला सारखे, कुळे वेगळी.

त्या टेबलावर पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जातींचे नमुने होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या या जाती काढल्या आहेत. अब्बांनी चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि तिथल्या तरुणाला विचारले, “उधाणात खांड गेली आणि दोन दिवस खारे पाणी उभे राहिले, तर हे तगते काय?” तो कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. त्याने खुर्ची पुढे केली आणि वही काढली. मग अर्धा तास अब्बा बोलत होते. बांध कसा घालत, उघाडी कधी लावत आणि कधी सोडत, पहिल्या पावसाने जमिनीतला खार धुऊन जाईपर्यंत कसे थांबत, मोड आलेले बी चिखलात कसे फेकत. बांध फुटला तर भरतीच्या आत घरटी एक माणूस कसा धावत असे, मग तो आगरी असो, कोळी असो की मुसलमान. समुद्राचे पाणी जात पाहून शिरत नाही. मुले पॉपकॉर्न विसरून ऐकत होती. त्यांनी हे कधी ऐकलेच नव्हते.

हे ज्ञान आमच्या घरातून का गेले, याचे उत्तर तारखांत आहे.

कुलाबा जिल्ह्यात खोती आणि सावकारी होती. १९३३ साली अलिबागच्या खारेपाटात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. त्यांनी मशागतच थांबवली आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, जमिनी पडीक ठेवल्या. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९४८ साली कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला मालक मानले गेले. दादा कूळ होते. त्यांची ‘३२ ग’ची किंमत ठरली, हप्ते फिटले आणि ‘३२ म’चे प्रमाणपत्र मिळाले.

आणि १९७० साली नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या अधिसूचनेत आल्या. सिडकोची स्थापना त्याच वर्षीची. म्हणजे पिढ्यानपिढ्या कूळ म्हणून राबलेल्या माणसाला मालकी मिळाली ती जेमतेम तेरा वर्षांची, त्यातली काही तर हप्ते फेडण्यातच गेली. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले. गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले.

बंदर नको होते, असे मी म्हणत नाही. आमच्या मोहल्ल्यातली किती तरी मुले बंदराच्या आधाराने, गोदामांत आणि ट्रकवर रोजी कमावतात. माझा प्रश्न वेगळा आहे. जमिनीचा मोबदला ठरला, घराचा ठरला, झाडांचासुद्धा ठरला. खाऱ्या पाण्याशी भांडून भात पिकवण्याच्या कसबाची नोंद मात्र कोणत्याही पंचनाम्यात झाली नाही. समुद्राची पातळी वाढते आहे, खाडीकाठच्या शेतांत खारे पाणी शिरते आहे. उद्या सबंध कोकणाला हेच कसब लागणार आहे, आणि ते जाणणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून दोन सूचना. कृषी प्रदर्शन भरवणाऱ्यांनी उरण-पनवेलकडे एक मांडव खारभूमीच्या जुन्या शेतकऱ्यांसाठी ठेवावा. तिथे त्यांनी बोलावे आणि विद्यापीठाने लिहून घ्यावे. उघाडीची प्रतिकृती, बांधाचा छेद, जुन्या भाताच्या जातींची नावे, एवढे सामान पुरे. जोतीरावांनी सांगितलेली परीक्षा अशी घेता येईल, आणि बक्षीसही त्यांनाच द्यावे.

दुसरी सूचना आपल्या घरांसाठी, विशेषतः कोकणातल्या मुस्लिम घरांसाठी. आपण व्यापारी आणि दर्यावर्दी म्हणून आपला इतिहास सांगतो. पण आपल्यात राबणारी कुळेही होती, आणि त्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत. जुने उतारे आणि फेरफार काढा. घरातल्या बुजुर्गांना शेताचे नाव विचारा, कारण खारीच्या प्रत्येक तुकड्याला नाव असे. ते मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा. आमच्या मुलीने वहीच्या पहिल्या पानावर दादांच्या शेताचे नाव लिहिले आहे. दुसऱ्या पानावर अब्बांनी सांगितलेल्या भाताच्या जाती आहेत. आतापर्यंत सात झाल्या.