सातबारा नसलेल्याचा जामीन

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात जामिनाचा आदेश आणि तुरुंगाचे दार यांच्यामधला रस्ता तहसील कचेरीतून जातो. मागे आम्ही एका तालुका न्यायालयात एका मावशींसोबत नऊ दिवस हेलपाटे घातले. त्यांच्या मुलाला चोरीच्या गुन्ह्यात १५,००० रुपयांचा जामीन मंजूर होता. जामीनदार म्हणून बहिणीचा नवरा तयार होता, त्याच्या नावावर दीड एकर जमीनही होती. पण सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले. कारकुनाने उतारा परत सरकवला आणि म्हणाला, "ही चालायची नाही. दुसरा माणूस आणा." जमीन महार वतनाची होती.

कायद्याची रचना अशी आहे. आरोपी जातमुचलका लिहून देतो, की तारखेला हजर राहीन, न राहिल्यास इतकी रक्कम भरेन. त्याच्या जोडीला जामीनदार हमी देतो. या जामीनदाराची ऐपत न्यायालय तपासते, आणि ऐपत म्हणजे सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. हे सगळे पटले की सुटकेचा आदेश तुरुंगात जातो. आरोपी दुसऱ्या गुन्ह्यात हवा आहे का हे पाहून अधीक्षक त्याला सोडतात. कागद उशिरा पोहोचला तर ती रात्र आतच. २०२१ मध्ये एका चित्रपट ताऱ्याच्या मुलाचा कागद मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगातल्या पेटीत वेळेत पडला नाही आणि त्याची सुटका एक दिवस लांबली, तेव्हा देशभर चर्चा झाली. आमच्या वस्तीतल्या पोरांचे महिने जातात, त्यांची बातमी होत नाही.

ही रचना इंग्रजांची. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पुरेसे' जामीनदार हवेत असे लिहिले होते, आणि मुचलक्याची रक्कम अवाजवी नसावी असेही. दुसरे वाक्य कागदावरच राहिले. पण त्याच संहितेतली कलम १०९ आणि ११० बघा. ज्याला उपजीविकेचे साधन सांगता येत नाही किंवा जो 'सराईत' समजला जातो, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी मागायची, आणि हमी देता आली नाही तर तुरुंग. गुन्हा सिद्ध होण्याची गरजच नाही. जामीनदार नसणे हाच गुन्हा झाला! १९७३ च्या संहितेने ही कलमे त्याच क्रमांकांनी पुढे चालू ठेवली.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवले. नावनोंदणी, हजेरी, काटेरी तारेची वसाहत; सोलापूरची वसाहत आपल्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. नाव बदलले, पोलिसांच्या यादीतली आडनावे तीच राहिली. पारध्याच्या पोराला जामीन राहणारा 'ऐपतदार' माणूस गावात कोण? ज्याने तक्रार दिली तोच बहुधा.

आता वतनाकडे येऊ. गावकीची कामे करून घेण्यासाठी दिलेली ही जमीन म्हणजे गुलामीची साखळी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे ते मागे घ्यावे लागले. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. विकायची तर परवानगी घ्या, नजराणा भरा. जी जमीन मालकाला मोकळेपणी विकता येत नाही, तिला न्यायालयातला कारकून तारण म्हणून का मोजेल? त्याने आमच्या मावशींना जे सांगितले त्यात त्याच्या मनाचे फारसे काही नव्हते.

संविधान सभेत 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' हे शब्द गाळले गेले, ही गोष्ट बाबासाहेबांना बोचत होती. म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी नवे कलम मांडले आणि ही त्या उणिवेची भरपाई आहे असे सांगितले. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा हक्क, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे हे आजच्या कलम २२ मधले हक्क तिथून आले. त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धताही बसली आहे, हे आपण लपवू नये.

१९७८ मध्ये मोती राम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्याला जामीन मिळालेला होता. दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला तर त्यालाही नाकारले, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्या. कृष्णा अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडणारे कच्चे कैदी समोर आले. न्या. भगवती म्हणाले, पैशापेक्षा माणसाची समाजातली मुळे बघा. किती वर्षे तिथे राहतो, काम काय, कुटुंब कुठे. निकाल मोठाच आहे. तरी आमचा एक प्रश्न आहे. ज्यांना पिढ्यानपिढ्या एका जागी राहूच दिले नाही, त्या भटक्याची मुळे न्यायालय कुठे शोधणार?

तरतुदी नंतरही आल्या. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर आरोपीला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, हे २००५ च्या दुरुस्तीने सांगितले. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट बदलू शकते, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको. हे मुद्दे छापून खिशात ठेवा, वकिलालाही दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तर यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की सुटकेची सोय आहे. पण एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सोय नाही. आणि एकेका माणसावर चार-चार खटले कोणाच्या वस्तीत असतात?

२०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, आणि कच्च्या कैद्यांत जवळपास दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी. जामीनदार नसला तर आरोपी पळेल, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की बँका बुडवून विमानाने गेलेल्यांना ऐपतीचा दाखला कमी पडला होता काय?

मावशींच्या वकिलाने नवव्या दिवशी अर्ज दिला आणि न्यायालयाने रोख जामीन स्वीकारला. पैसे मावशींनी महिना पाच टक्के व्याजाने उचलले. खटला संपल्यावर १५,००० परत मिळतील. व्याज मिळणार नाही. खटला अजून सुरू आहे.