लष्करी महाविद्यालये आणि उद्योजकतेचे धडे

विशेष प्रतिनिधी, पुणे

सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी, या हेतूने १९८३ मध्ये 'आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी'ची स्थापना झाली. शाळांपाठोपाठ सोसायटीने व्यावसायिक शिक्षणाकडेही लक्ष वळविले. पुण्यात दिघी येथे १९९४ मध्ये 'आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' हे अभियांत्रिकी महाविद्यालय, तर कोलकात्यात १९९७ मध्ये व्यवस्थापन संस्था सुरू झाली.

या विद्यार्थ्यांपुढील अडचण निराळी आहे. बहुतांश जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. त्याच सुमारास मुलांचे उच्च शिक्षण सुरू होते. त्यामुळे पदवीनंतर लगेच नोकरी मिळविण्याकडे घरच्यांचा कल असणे स्वाभाविक आहे. शिवाय वडिलांच्या सततच्या बदल्यांमुळे एका गावात पाळेमुळे रुजत नाहीत. व्यवसायाला लागणारी ओळखपाळख, पत आणि कायमचा पत्ता या तिन्ही गोष्टींची वानवा असते.

या दृष्टीने केंद्र सरकारचे २०१९ चे राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरण महत्त्वाचे ठरते. उच्च शिक्षण संस्थांसाठी ते मार्गदर्शक आहे. संस्थेच्या परवानगीने विद्यार्थ्याला तिच्या पत्त्यावर कंपनीची नोंदणी करता यावी, प्रकल्पाऐवजी स्वतःचा उद्योग सादर करता यावा, हजेरी कमी भरली तरी परीक्षेस बसता यावे आणि गरज पडल्यास एक सत्र वा वर्षभर शिक्षणात खंड घेता यावा, अशा तरतुदी त्यात आहेत. संस्थेने दिलेल्या साह्याच्या बदल्यात उद्योगात दोन ते साडेनऊ टक्के भागभांडवल घेण्याची मुभाही तिला आहे.

संरक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'आयडेक्स' योजनेत नवउद्योगांसह वैयक्तिक संशोधकांनाही संधी असून, त्याअंतर्गत दीड कोटी रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद करण्यात आली. सीमेवरील थंडी, दळणवळण, ओझे वाहून नेण्याचे कष्ट हे प्रश्न ज्यांनी घरातच ऐकले, त्यांना या क्षेत्रात विषय शोधत फिरावे लागत नाही.

वक्तशीरपणा, चिकाटी आणि गटाने काम करण्याची सवय या वातावरणात सहज अंगी बाणते. मात्र आज्ञापालनाच्या संस्कारात प्रश्न विचारण्याची आणि अपयश पचविण्याची सवय वेगळी लावावी लागते. त्यासाठी व्याख्याने पुरेशी नाहीत. हिशेब ठेवणे, ग्राहकाशी बोलणे, थोड्या भांडवलात वस्तू विकून पाहणे यांना अभ्यासक्रमात गुण मिळाले, तरच स्वावलंबन प्रत्यक्षात उतरेल.