बुलेटचे जुने स्वार आणि नवे

मोटारसायकलीस मराठींत ‘फटफटी’ म्हणूं लागले तें तिच्या आवाजावरून. परंतु बुलेटचा आवाज फटफट नव्हे. तो सावकाश, खर्जांतला, दोन ठोक्यांमध्यें श्वास घेणारा. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीनें १९३२ सालीं हें नांव प्रथम वापरलें. स्वतंत्र भारताच्या सैन्यानें व पोलिसांनीं ही गाडी पसंत केली, आणि १९५५ पासून ती मद्रासेस जुळूं लागली. पुढें विलायतेंतील कंपनी बुडाली. मद्रासचा कारखाना मात्र चालूच राहिला.

ह्या गाडीच्या जुन्या स्वारांचा जो अभिमान, त्याचें मूळ ती सुरू करण्यांत आहे. उतावळ्या माणसाचें तें काम नव्हे. किक हळूहळू दाबीत जावयाची. पुढच्या दिव्यावरील अॅमीटरचा कांटा मध्यावर आला कीं थांबावयाचें. हँडलवरील लहानशी तरफ ओढून आंतील दाब मोकळा करावयाचा, किक किंचित् पुढें सरकवावयाची, आणि मग तरफ सोडून एकच पूर्ण लाथ. चुकलें तर उलटलेली किक नडगीवर बसे. त्यांतून गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या. इतर गाड्यांची संवय असलेला मनुष्य हिच्यावर बसला कीं घाबरा होई. ही विद्या वडिलांकडून, फौजेंतून परतलेल्या काकांकडून, नाहीं तर मिस्त्र्याच्या शिव्या खाऊन मिळे.

तथापि हे स्वार एक गोष्ट सहसा सांगत नाहींत. १९८५ च्या सुमारास जपानी बनावटीच्या हलक्या, थोडें पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळलें. १९९४ सालीं आयशर समूहाच्या हातीं गेलेली ही कंपनी शतकाच्या अखेरीस बंद होण्याच्या बेतास आली होती. जुन्यांचें प्रेम अपार खरें. पण एकदां घेतलेली गाडी तीस तीस वर्षें वापरणाऱ्याच्या प्रेमावर कारखाना कसा चालावा?

२००९ सालीं ‘क्लासिक’ निघाली. रूप जुनें, यंत्र नवें. बटण दाबतांच सुरू होणारें, गिअर डाव्या पायाशीं. शहरांतले नोकरदार तरुण तिच्यावर तुटून पडले. नांव नोंदवून महिनोन् महिने थांबूं लागले. जुन्यांनीं नाकें मुरडलीं. ओतीव लोखंडाच्या इंजिनाचा ठोका हिला नाहीं, हा त्यांचा आक्षेप, आणि तो खोटा नव्हता. कांहीं नव्यांनीं ती उणीव बाजारी कर्कश सायलेन्सर बसवून भरून काढली. हें मात्र अक्षम्य होय. जो आवाज गंभीर म्हणून वाखाणला गेला, त्याचा त्यांनीं गोंगाट केला. महाराष्ट्रांतील कित्येक शहरीं पोलिसांनीं असले सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोड रोलर फिरविला. तरीही कारखाना वांचला तो ह्याच नव्या मंडळींच्या पैशावर.

२०२१ सालीं क्लासिकचें इंजिन पुन्हां बदललें. थरथर पुष्कळ कमी झाली आणि किक तर पार नाहींशी झाली. २०२३ सालीं खुद्द बुलेटही त्याच इंजिनावर आली. किक नाहीं ती बुलेट कसली, अशी कुरकुर तेव्हां सुरू झाली. आणि ती करणाऱ्यांत २००९ नंतरचे क्लासिकवालेही होते.