आधीं चौकशी, मग ठराव

श्रोतेहो, सार्वजनिक संस्था कशा चालवाव्या याविषयीं आपल्याकडे उपदेश फार होतो. निधि कसा जमवावा, सभासद कसे वाढवावे, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या लोकांसाठीं संस्था काढावयाची, त्यांची खरी स्थिति आधीं जाणून घ्यावी, असें सांगणारा क्वचितच भेटतो. या बाबतींत पुण्याच्या सार्वजनिक सभेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तोच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

ही सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष होता, तें तिच्या जन्माचें निमित्त. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक पुढें ‘सार्वजनिक काका’ म्हणूं लागले, ते तिचे प्राण होते. ‘तुम्ही कोणाच्या वतीनें बोलतां?’ हा प्रश्न सरकार विचारणार, हें या मंडळींनीं आधींच ओळखलें. म्हणून निदान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील तोच सभासद, असा नियम त्यांनीं केला. आरंभींच्या ९५ सभासदांच्या पाठीशीं सहा हजारांवर लोकांचीं अशीं मुखत्यारपत्रें होतीं. बोलण्याचा अधिकार अशा रीतीनें मिळाला. पण काय बोलावें, हें मुखत्यारपत्र सांगत नाहीं. त्यासाठीं माहिती लागते. १८७१ मध्यें न्यायमूर्ति रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामाला तें वळण लागलें.

त्या वेळीं दख्खनच्या शेतकऱ्यापुढें साऱ्याचा प्रश्न उभा होता. तीस वर्षांची पहिली जमाबंदी संपून १८६७ मध्यें इंदापूर तालुक्यापासून फेरआकारणीस प्रारंभ झाला होता. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें, तेव्हां इकडे कापसाचे भाव चढले होते व त्या पाठोपाठ इतर भावही. त्या तेजीच्या दिवसांकडे पाहून सारा वाढला. युद्ध थांबलें, भाव उतरले, सारा मात्र चढलेलाच राहिला. सभेला तत्काळ एक निषेधाचा ठराव करून मोकळें होतां आलें असतें. तिनें तसें न करितां १८७२ मध्यें रयतेच्या स्थितीची चौकशी करण्यास एक पोटसमिति नेमली. त्या समितीचा अहवाल १८७३ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें १८७४ मध्यें सरकारनें सारावाढीस मर्यादा घातल्या. तालुक्याच्या साऱ्यांत शेंकडा ३३, गांवाच्या साऱ्यांत शेंकडा ६६ आणि एका खातेदाराच्या साऱ्यांत दुप्पट, यापलीकडे साधारणपणें वाढ होऊं नये, असें ठरलें. याचें श्रेय एकट्या सभेस देणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तेव्हां सरकार जागें होण्यापूर्वींच सभेनें रयतेची नाडी पाहिली होती, हें तर खरें.

त्यानंतर १८७६-७७ चा दुष्काळ आला. सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांत आपले प्रतिनिधि ठेविले. त्यांच्याकडून येणाऱ्या हकीकती एकत्र करून ती वेळोवेळीं सरकारकडे पाठवी. १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें दुष्काळी कामावरील मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे, इतकी खालीं आणली गेली आणि हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. अशा वेळीं सभेच्या शब्दाला वजन होतें. कारण तिच्या कागदांत कोणत्या तालुक्यांत काय चाललें आहे, हें लिहिलेलें असे.

१८७८ पासून सभेचें त्रैमासिक निघूं लागलें. त्यांत शेती, सारा व सरकारी जमाखर्च यांवर आंकडेवारीनें भरलेले जे लेख येत, त्यांतील कित्येकांचे कर्ते गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होते. माझ्यासारख्या जुन्या मास्तरास याचा अभिमान वाटल्यास आपण क्षमा कराल. १८९७ मध्यें वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले, त्या साक्षीच्या तयारींत याच जोशांचें मोठें साह्य होतें. ती साक्ष उलटतपासणींतही टिकली.

परंतु त्याच प्रवासांत त्याच गोखल्यांना दुसरा अनुभव आला. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांतील सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचें मित्रांच्या पत्रांतून त्यांस कळलें आणि त्यांनीं तें विलायतेंतील वर्तमानपत्रांत जाहीर केलें. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला, तेव्हां पत्रें लिहिणारे पुढें येण्यास तयार होईनात. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि तें शल्य पुढें कित्येक वर्षें राहिलें. लोकांचे हाल खोटे होते, असा याचा अर्थ नव्हे. ज्या माहितीमागें कोणी उभें राहूं शकत नाहीं, तिच्यावर सार्वजनिक कार्य उभारतां येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

मी स्वतः हा धडा उशिरां शिकलों. आमच्या भागांतील एका संस्थेनें, मुलें शाळा मध्येंच सोडतात म्हणून, त्यांना पुस्तकें व कपडे देण्याचा ठराव केला. त्यास अनुमोदन मींच दिलें होतें. पुढच्या वर्षीं पुस्तकें कोरींच राहिलीं आणि मुलें गेलींच. तेव्हां मी घरोघर फिरलों. एका म्हातारीनें मला विचारलें, “गुरुजी, आईबाप ऊस तोडायला गेले की पोरानं इथं कुणाजवळ राहायचं?” मुलांना पुस्तकें नको होतीं असें नव्हे; त्यांना त्या पांच-सहा महिन्यांपुरता आसरा हवा होता. हें कळण्यास पैसा लागला नसता. चार संध्याकाळ पुरल्या असत्या.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या संस्थेच्या पुढील वर्षाचा बेत आंखण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारा. ही माहिती प्रत्यक्ष कोणी पाहिली? ती केव्हांची आहे? आणि सांगणारा उद्यां तिला दुजोरा देईल काय? या प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत ठरावाचा कागद कोराच राहूं द्या; त्यांत संस्थेस कमीपणा नाहीं.