कुत्र्यांमधील पित्तवमन संलक्षण

कुत्र्यांमधील पित्तवमन संलक्षण हा पाळीव कुत्र्यांत आढळणारा जठराचा एक विकार आहे. रात्रभर पोट रिकामे राहिल्यानंतर पहाटे किंवा सकाळी, दिवसाच्या पहिल्या खाण्यापूर्वी, पिवळा किंवा हिरवट फेसाळ द्रव उलटून पडणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. उलटी झाल्यावर कुत्रा थोड्याच वेळात पूर्ववत खेळू लागतो व नेहमीप्रमाणे खातो. हा विकार प्रामुख्याने तरुण व मध्यम वयाच्या, एरवी निरोगी असलेल्या कुत्र्यांत दिसतो. रात्रीच्या उपवासाचा काळ कमी करणे हा त्यावरील पहिला व बहुधा पुरेसा उपाय मानला जातो. मात्र उलटीची इतर कारणे नाहीत याची खात्री झाल्यानंतरच हे निदान करता येते.

संज्ञा

पशुवैद्यकीय इंग्रजीत हा विकार ‘बिलिअस व्हॉमिटिंग सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. मराठीत ‘पित्त’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जात असल्यामुळे येथे गोंधळ होण्याचा संभव असतो. आयुर्वेदात पित्त हा त्रिदोषांपैकी एक दोष आहे. बोलीभाषेत ‘पित्त झाले’ याचा अर्थ बहुधा आम्लता वाढली असा होतो, तर ‘अंगावर पित्त उठले’ असे म्हणताना त्वचेवरील गांधी अभिप्रेत असतात. प्रस्तुत विकाराच्या नावातील पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा व लहान आतड्यात स्रवणारा पाचक द्रव होय. उलटीचा पिवळा-हिरवा रंग या द्रवातील रंगद्रव्यांमुळे येतो. त्यामुळे ‘कुत्र्याला पित्त झाले’ असे म्हणून माणसांची आम्लनाशक गोळी देणे म्हणजे या विकारावरील उपचार असे समजणे बरोबर नाही.

लक्षणे

उलटी साधारणपणे पहाटे किंवा सकाळी होते. काही कुत्र्यांना दोन खाण्यांमधील अंतर वाढल्यास दुपारी उशिराही होते. उलटीपूर्वी कुत्रा अस्वस्थ होऊन येरझारा घालतो, ओठ चाटतो, वारंवार गिळतो, त्याच्या तोंडाला लाळ सुटते. त्यानंतर पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि थोडा द्रव बाहेर पडतो. त्यात अन्न नसते किंवा अगदी थोडे असते. हा प्रकार आठवड्यातून एकदा-दोनदा किंवा महिन्यातून काही वेळा घडतो. मधल्या काळात कोणतेही लक्षण नसते. वजन, भूक, शौच व उत्साह यांत फरक पडत नाही.

उलटी आणि अन्न नुसते वर येणे यांत भेद करणे आवश्यक असते. अन्ननलिकेच्या विकारात अन्न पोटाला जोर न देता, सहज, बहुधा न पचलेल्या स्थितीत बाहेर पडते व त्यात पित्त नसते. खोकल्याच्या उबळीनंतर पडणारा पांढरा फेस हीदेखील उलटी नव्हे. घरच्यांनी भ्रमणध्वनीवर केलेले चित्रण हा भेद ओळखण्यास पशुवैद्याच्या उपयोगी पडते.

कारणमीमांसा

जठर व लहान आतडे यांच्या सीमेवर स्नायूंचे एक वर्तुळाकार द्वार असते. अन्न जठरातून पुढे जाते तेव्हा ते उघडते आणि आतड्यातील द्रव सहसा मागे येऊ देत नाही. पचन पूर्ण होऊन पोट रिकामे झाले की जठर व आतडे स्वस्थ राहत नाहीत. कुत्र्यांमध्ये साधारण दीड ते दोन तासांच्या अंतराने जठरापासून आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लहर जाते. उरलेले अन्नकण, गिळलेले केस व न पचणारे तुकडे पुढे सरकविणे हे तिचे कार्य होय. अन्न पोटात गेले की ही लहर थांबते व पचनकाळातील वेगळ्या हालचाली सुरू होतात.

पित्तवमनात या उपवासकालीन हालचालींचा मेळ बिघडत असावा, असे मानले जाते. त्यामुळे आतड्यातील पित्त जठरात परत येते व तेथे अधिक काळ राहते. पित्तातील क्षार जठराच्या आतील श्लेष्मल आवरणाला क्षोभ पोहोचवतात. या आवरणाचे संरक्षण कमी झाले की जठरातील आम्लही पेशींपर्यंत पोहोचते. पोटात अन्न असते तेव्हा पित्त व आम्ल त्यात मिसळून सौम्य होतात. रिकाम्या पोटी त्यांचा थेट स्पर्श होतो. उलटी रात्रीच्या दीर्घ उपवासानंतरच का होते, याचे स्पष्टीकरण यात मिळते. तथापि या उपपत्तीचा बराचसा भाग निरीक्षणावर व तर्कावर आधारलेला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २० कुत्र्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत तरुण ते मध्यम वयाच्या कुत्र्यांचे प्रमाण ठळक होते.

निदान

या विकाराचे निदान करणारी एकच अशी चाचणी नाही. इतर कारणे एकेक करून वगळल्यानंतर उरणारे हे निदान आहे. केवळ उलटी पिवळी आहे एवढ्यावरून पित्तवमन ठरविता येत नाही, कारण कोणत्याही कारणाने रिकाम्या पोटी उलटी झाली तर तीत पित्त येऊ शकते. वगळण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• जंत : गोलकृमी व अंकुशकृमी, विशेषतः पिल्लांत. विष्ठेच्या तपासणीतून ते कळतात.
• पार्व्हो विषाणूचा संसर्ग : लस न झालेल्या पिल्लांत उलट्या, रक्तमिश्रित जुलाब व मरगळ.
• गिळलेली वस्तू : चेंडूचा तुकडा, मोजा, मक्याचे कणीस, आंब्याची कोय, हाड. अशी वस्तू जठरात राहून अधूनमधून वाट अडवू शकते.
• आहार न मानवणे : विशिष्ट प्रथिनांची अधिहृषता किंवा अचानक बदललेले खाणे.
• स्वादुपिंडाचा दाह : बहुधा तळकट किंवा अतिस्निग्ध खाण्यानंतर.
• अधिवृक्क ग्रंथींची न्यूनता अर्थात ॲडिसनचा रोग : तरुण कुत्र्यांत येणारी-जाणारी उलटी व अशक्तपणा एवढ्यावरच तो अनेकदा लपून राहतो. रक्तातील सोडियम, पोटॅशियम व कॉर्टिसॉल यांच्या तपासणीने तो ओळखता येतो.
• यकृत व मूत्रपिंड यांचे विकार, तसेच आतड्याचा दीर्घकालीन दाह.

पशुवैद्य प्रथम वय, लसीकरण, जंतनाशक औषधाची तारीख, आहार व उलटीची वेळ विचारतात आणि पोट हाताने तपासतात. कुत्रा तंदुरुस्त असेल आणि इतिहास नमुनेदार असेल तर विष्ठेची तपासणी करून आहाराच्या वेळा बदलून पाहिल्या जातात. त्यानेही उलटी न थांबल्यास रक्ततपासणी, क्ष-किरण चित्र, पोटाची सोनोग्राफी व क्वचित दुर्बिणीतून जठराची तपासणी केली जाते.

घरच्यांनी ठेवलेली साधी नोंदवही निदानास साहाय्यक ठरते. तीत उलटीची तारीख व वेळ, रंग, आदल्या दिवशीच्या शेवटच्या खाण्याची वेळ, त्या दिवशी खाल्लेले वेगळे पदार्थ आणि उलटीनंतरची वागणूक लिहिली जाते. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून उपवासाचा काळ व उलटी यांचा संबंध आहे किंवा नाही हे सहसा स्पष्ट होते.

उपचार

आहाराच्या वेळा

दिवसभराच्या अन्नाचे एकूण प्रमाण न वाढविता त्याची विभागणी बदलणे हा मुख्य उपचार होय. उदाहरणार्थ, एखाद्या कुत्र्याला सकाळी ८ व संध्याकाळी ७ वाजता खाणे मिळत असेल तर रात्रीचा उपवास १३ तासांचा होतो. त्याच अन्नातील सुमारे चौथा हिस्सा राखून रात्री ११ वाजता दिला आणि सकाळचे खाणे ६ वाजता आणले तर हा काळ ७ तासांवर येतो. रात्रीचे हे खाणे हलके, कमी स्निग्ध व कुत्र्याच्या नेहमीच्या आहारातीलच असणे इष्ट असते. अतिस्निग्ध अन्नाने जठर रिकामे होण्यास विलंब लागतो. अन्न वाढवून दिल्यास उलटी थांबली तरी वजन वाढते, म्हणून हिस्सा मूळ प्रमाणातूनच काढला जातो. फरक बहुधा काही दिवसांतच दिसतो.

अनेक घरांत कुत्र्याला दिवसातून एकदाच, घरच्यांच्या जेवणानंतर, उरलेली पोळी किंवा भात दिला जातो. अशा कुत्र्याचा उपवास २० तासांहून अधिक होऊ शकतो. त्याच्या बाबतीत खाणे दोन-तीन वेळांत विभागणे हाच उपचाराचा आरंभ ठरतो. वाढत्या पिल्लांना तर मुळातच दिवसातून तीन-चार वेळा खाणे लागते. अगदी लहान जातींच्या पिल्लांत दीर्घ उपवासाने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

औषधे

वेळा बदलूनही उलटी होत राहिल्यास पशुवैद्य औषधे सुचवितात. ती दोन प्रकारची असतात. ओमेप्राझोल व फॅमोटिडिन ही जठरातील आम्ल कमी करतात. त्यांपैकी ओमेप्राझोल अधिक प्रभावी मानले जाते. फॅमोटिडिनचा परिणाम सलग वापराने घटत जातो. मेटोक्लोप्रमाइडसारखी औषधे जठराची पुढे ढकलण्याची हालचाल वाढवितात. आतड्यात अडथळा असल्यास असे औषध घातक ठरू शकते, म्हणून तपासणीपूर्वी ते देता येत नाही. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते. यांपैकी बरीच औषधे माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळत असली तरी मात्रा व कालावधी पशुवैद्यानेच ठरवावयाचा असतो.

टाळावयाच्या गोष्टी

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटॅमॉल यांसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना देणे धोक्याचे असते. पहिल्या दोहोंमुळे जठरात व्रण पडू शकतात व मूत्रपिंडास इजा होते. तिसऱ्याने यकृतास व रक्तास अपाय होतो. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. त्यामुळे बेदाणे घातलेला शिरा किंवा कांदा-लसणाच्या फोडणीची आमटी हे पोट शांत करण्याचे अन्न होऊ शकत नाही. झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा पदार्थही प्राणघातक ठरू शकतो. अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्करा पचत नाही, म्हणून पहाटेच्या उलटीवर दूध पाजण्याने जुलाबाचीच भर पडण्याची शक्यता असते.

तातडीने उपचार आवश्यक असलेली चिन्हे

पुढील चिन्हे पित्तवमनाची नाहीत. ती दिसल्यास आहार बदलून वाट पाहणे योग्य नसते :

• एका दिवसात वारंवार उलट्या होणे किंवा प्यायलेले पाणीही न टिकणे.
• उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट अंश असणे. काळे, डांबरासारखे शौच होणे.
• पोट फुगणे आणि उलटीचा जोर करूनही काहीच बाहेर न पडणे. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या जातींत हे जठर फुगून त्याला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. अशा कुत्र्याचे प्राण काही तासांत जाऊ शकतात.
• सुस्ती, अन्नावरील वासना उडणे, ताप, जुलाब किंवा वजन घटणे.
• लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या होणे.
• हिरड्या कोरड्या, फिकट किंवा पिवळ्या दिसणे.
• विषारी पदार्थ किंवा एखादी वस्तू गिळल्याची शंका असणे.

महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांखेरीज शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आणि मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडेही पशूंवर उपचार होतात.

गैरसमज

कुत्रा गवत खातो म्हणजे त्याचे पोट बिघडले आहे व तो मुद्दाम उलटी काढतो, असा समज सर्वत्र आढळतो. पाळीव कुत्र्यांच्या पाहणीत मात्र बहुतेक कुत्री गवत खाण्यापूर्वी आजारी दिसत नाहीत आणि खाल्ल्यानंतर उलटी होण्याचे प्रमाणही चौथाईपेक्षा कमी असते, असे दिसून आले आहे. गवत खाणे हे कुत्र्यांचे सामान्य वर्तन समजले जाते.

उलटी झाली की दिवसभर उपाशी ठेवावे, हा दुसरा समज होय. पित्तवमनात रिकामे पोट हाच कारणाचा भाग असल्याने उपवास वाढविल्यास त्रासही वाढतो. याउलट, ‘कुत्री उलट्या करतातच’ असे म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष करणे हेही तितकेच चुकीचे असते, कारण ॲडिसनचा रोग किंवा जठरात अडकलेली वस्तू यांसारखी उपचारसाध्य कारणे त्यामुळे उशिरा लक्षात येतात.

पूर्वानुमान

खऱ्या पित्तवमनात पूर्वानुमान चांगले असते. अनेक कुत्र्यांची उलटी आहाराच्या वेळा बदलल्यानेच थांबते किंवा क्वचित होऊ लागते. जुन्या वेळा पुन्हा सुरू झाल्या की त्रास परतण्याची शक्यता असते. म्हणून रात्रीचे खाणे पुढेही चालू ठेवले जाते. वेळा बदलूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर निदानाचाच फेरविचार करून पुढील तपासण्या केल्या जातात.